मीडिया गावची घरफोडी

ऑप्टिमायझेशन शिकलेल्यांना ‘डेव्हिडन-फ्लेचर-पॉवेल’ पद्धत ठाऊक असते. फ्लेचर आणि पॉवेल पुढेही पुस्तकांतून भेटत राहतात. पहिला माणूस मात्र कुठे गडप होतो, हे कुतूहल मला कॉलेजपासून होतं. विल्यम डेव्हिडन यांनी ही पद्धत १९५९मध्ये लिहिली, पण त्यांचा निबंध नाकारला गेला आणि छापून आला तो थेट १९९१ साली. मधल्या काळात त्यांनी आणखी एक काम केलं होतं आणि त्याबद्दल चार दशकं जाहीरपणे अवाक्षर काढलं नव्हतं. त्यांनी एफबीआयचं कार्यालय फोडलं होतं.

वॉटरगेटची कथा आपल्याकडे सगळ्यांना पाठ आहे. ही घरफोडी तिच्याआधी सव्वा वर्ष झाली, आणि माझ्या मते अमेरिकी लोकशाहीच्या दृष्टीने तिचं मोल वॉटरगेटहून कमी नाही.

डेव्हिडन फिलाडेल्फियाजवळच्या हॅव्हरफर्ड कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवत. व्हिएतनाम युद्धाविरुद्धच्या चळवळीत ते आघाडीवर होते. आपल्या बैठकांत सरकारी खबरे बसतात, असा संशय चळवळीत सगळ्यांनाच होता. पुरावा कुणाकडे नव्हता. पुरावा एफबीआयच्याच कपाटात असणार, हा विचार डेव्हिडन यांचा. फिलाडेल्फियाच्या मुख्य कार्यालयात शिरणं अशक्य होतं. पण जवळच्या मीडिया नावाच्या गावात, लोक राहतात अशा एका इमारतीत, एफबीआयचं छोटं कार्यालय होतं. त्यांनी आठ जणांना गाठून सरळ विचारलं. नवांपैकी एकाने नंतर अंग काढून घेतलं. उरलेल्यांत टेंपल विद्यापीठात धर्मशास्त्र शिकवणारे जॉन रेन्स होते, त्यांच्या पत्नी बॉनी होत्या आणि टॅक्सी चालवणारा तरुण कीथ फॉरसिथही होता. रेन्स दांपत्याला तीन लहान मुलं होती. दोघंही पकडले गेले तर मुलांना कोण सांभाळणार, याची बोलणी त्यांनी घरच्यांशी आधीच करून ठेवली होती.

बॉनी विद्यार्थिनी बनून त्या कार्यालयात गेल्या. एफबीआयमध्ये मुलींना नोकरीच्या काय संधी आहेत, अशी चौकशी करत त्या बसल्या. हातमोजे त्यांनी अखेरपर्यंत काढले नाहीत. तेवढ्या वेळात त्यांनी पाहून घेतलं: धोक्याची घंटा नाही, कपाटांना कुलपं नाहीत, आणि कार्यालयाला दुसरंही दार आहे, पण आतून त्याला जड कपाट टेकवलेलं आहे.

८ मार्च १९७१. न्यूयॉर्कमध्ये मुहम्मद अली आणि जो फ्रेझर यांची झुंज होती. देश रेडिओला कान लावून बसलेला असणार, म्हणून हीच रात्र निवडलेली. कुलपं उघडायला शिकलेला फॉरसिथ दारापाशी आला तो थबकलाच. तिथे एक नवं, अवघड कुलूप होतं. मग त्याने दुसरं दार धरलं. कडी तोडली आणि जमिनीवर आडवा होऊन लोखंडी दांड्याने दार इंचाइंचाने रेटत नेलं. कपाट कोसळलं असतं तर खालच्या मजल्यावरची माणसं जागी झाली असती. ते कोसळलं नाही. मंडळी आत शिरली आणि एक हजाराहून अधिक कागद सूटकेसांत भरून बाहेर पडली.

शहराबाहेरच्या एका शेतघरात त्यांनी कागदांची वर्गवारी केली. नेहमीचे फॉर्म आणि माहितीपत्रकं बाजूला काढल्यावर उरलेल्यांपैकी ४० टक्के कागद राजकीय पाळतीचे निघाले. त्यांत उजव्या संघटनांवरची प्रकरणं दोन आणि डाव्या व उदारमतवाद्यांवरची दोनशेहून अधिक! संघटित गुन्हेगारीच्या वाट्याला १ टक्का. स्वार्थमोर कॉलेजची टेलिफोन ऑपरेटरही खबर पुरवत होती. एका टिपणात अधिकाऱ्यांना सांगितलं होतं की चळवळीतल्या लोकांच्या मुलाखती वाढवा. म्हणजे त्यांचा भयगंड वाढेल आणि प्रत्येक टपालपेटीमागे एफबीआयचा माणूस उभा आहे असं त्यांना वाटू लागेल. भीती हे पाळतीचं उद्दिष्टच होतं आणि ते कागदावर लिहून ठेवलं होतं, हे वाचून आजही अंगावर काटा येतो.

कागदांच्या प्रती सिनेटर जॉर्ज मॅकगव्हर्न आणि काँग्रेस सदस्य पॅरेन मिचेल यांना गेल्या. दोघेही डेमोक्रॅट, दोघेही युद्धविरोधी, आणि दोघांनीही कागद एफबीआयला परत केले. ॲटर्नी जनरल जॉन मिचेल यांनी छापू नका म्हणून गळ घातली, तरी २४ मार्चला ‘वॉशिंग्टन पोस्ट’ने बेटी मेडस्गर यांची बातमी पहिल्या पानावर छापली.

त्या ढिगातला सर्वांत मोलाचा कागद म्हणजे एक साधी पाठवणीची चिठ्ठी. विद्यापीठांच्या प्रशासकांना एक लेख निनावी पाठवावा, एवढाच तिचा मजकूर. तिच्या माथ्यावर मात्र ‘कोइंटेलप्रो’ हे शीर्षक होतं. १९७२मध्ये एनबीसीचे वार्ताहर कार्ल स्टर्न यांच्या नजरेस ते पडलं आणि हे काय प्रकरण आहे, असं त्यांनी सरकारला विचारलं. उत्तर मिळेना तेव्हा माहितीच्या कायद्याचा आधार घेऊन ते कोर्टात गेले. १९७३च्या डिसेंबरात पहिले कागद हाती आले आणि १९५६पासून चाललेली ती गुप्त मोहीम उघड्यावर आली: संघटनांत भांडणं लावणं, निनावी पत्रं धाडणं, माणसांची बदनामी करणं. मार्टिन ल्यूथर किंग यांना आत्महत्येकडे ढकलणारं निनावी पत्र १९६४मध्ये एफबीआयनेच पाठवलं होतं, हेही पुढे सिनेटर चर्च यांच्या ‘चर्च समिती’च्या चौकशीत सिद्ध झालं.

ही समिती जानेवारी १९७५मध्ये सिनेटने ८२ विरुद्ध ४ मतांनी नेमली. तिच्या अहवालाने कुठल्याच पक्षाला मोकळं सोडलं नाही. रूझवेल्टपासून निक्सनपर्यंत दोन्ही पक्षांच्या अध्यक्षांनी राजकीय माहितीसाठी एफबीआय वापरली होती. १९६४च्या डेमोक्रॅटिक पक्षाच्या अधिवेशनात अध्यक्ष जॉन्सन यांनी तर आपल्याच पक्षातल्यांवर तिची नजर ठेवली. इतकी वर्षं कुणी तोंड का उघडलं नाही, याचं उत्तर मला इथे सापडतं. सत्तेची पाळी प्रत्येकाची येत होती.

घरफोडीच्या तपासाला दोनशेच्या आसपास एजंट जुंपले गेले आणि ३३,६९८ पानांची फाइल तयार झाली. खटल्याची पाच वर्षांची मुदत संपल्यावर मार्च १९७६मध्ये ती बंद झाली. एकही आरोपी सापडला नाही. पुढे १९८९मध्ये रेन्स यांच्या घरी जेवताना जॉन यांनी आपल्या मुलीला सांगितलं की ते कागद आम्ही या बेटीलाच पाठवले होते. जेवायला बसलेल्या मेडस्गर थक्क झाल्या! त्यांचं पुस्तक जानेवारी २०१४मध्ये आलं. डेव्हिडन त्याआधी दोन महिने वारले.

२०२३च्या जानेवारीत रिपब्लिकनांनी प्रतिनिधिगृहात सरकारी यंत्रणांच्या गैरवापराच्या चौकशीसाठी उपसमिती नेमली आणि चर्च समितीचं नाव घेतलं. मतं पडली २२१ विरुद्ध २११, सगळी पक्षाच्या रेषेवर. पाळत कुणाच्या राजवटीत झाली, एवढंच पाहून चौकशी होणार असेल, तर तिला चर्च समितीचं नाव देऊ नये.