ॲनिमोनचा कंद का कुजतो?

दिल्ली, चंदीगड, डेहराडूनकडे राहणाऱ्यांसाठी आजचा भाग आहे. मुंबई-कोकणवाल्यांनी जरूर ऐकावं, पण ॲनिमोनला थंडी लागते, त्यामुळे तिकडे फारशी आशा धरू नका.

नर्सरीत ऑक्टोबरच्या सुमारास मिळणारा ॲनिमोन म्हणजे बहुधा ‘कोरोनेरिया’. मूळ भूमध्य समुद्राच्या काठचा. तिथे हिवाळ्यात पाऊस आणि उन्हाळा कोरडा ठणठणीत. एवढं लक्षात ठेवलं की त्याचं सगळं वागणं कळतं.

कंद दिसतो सुंठेच्या तुकड्यासारखा, म्हणून आपण घाबरून रात्रभर भिजत घालतो. तिथेच घोटाळा होतो. कोमट पाण्यात तीन-चार तास पुरेत. तेवढ्यात तो टम्म फुगतो. त्याला अजून मुळं नसतात, म्हणजे जास्तीचं पाणी त्याच्या काही कामाचं नाही. हवा मिळत नाही, बुरशी धरते आणि कंद आतून मऊ पडतो. वरून काहीच दिसत नाही, म्हणून आपण आणखी पाणी घालतो!

ऑक्टोबरअखेर ते नोव्हेंबरमध्ये, उकाडा सरल्यावर लावा. मातीत कंपोस्ट आणि भरपूर जाड वाळू घाला. खोली पाच सेंटिमीटर, दोन कंदांत दहा-बारा सेंटिमीटर अंतर. टोकदार बाजू खाली ठेवायची. ओळखू येत नसेल तर सरळ आडवा ठेवा, कोंब आपली वाट शोधतो. लावल्यावर एकदाच पाणी, मग वरची माती सुकल्याशिवाय नाही. दोन ते चार आठवड्यांत कोथिंबिरीसारखी पानं येतात. त्यानंतर मात्र पाण्यात कंजूषी नको आणि हिवाळ्याचं ऊनही भरपूर हवं.

फुलं साधारण फेब्रुवारी-मार्चमध्ये. लाल, जांभळी, गुलाबी, पांढरी. ‘द काँ’ एकेरी पाकळ्यांचा, ‘सेंट ब्रिजिड’ भरगच्च. मला एकेरीच आवडतो, मधला काळा गोंडा छान दिसतो. फुलं रात्री मिटतात, ती सुकली असं समजू नका. खुडताना हातमोजे घाला. चिकाने कातडीला खाज सुटते. कुत्र्या-मांजरांनाही चघळू देऊ नका.

ऊन तापलं की पानं पिवळी पडतात. हिरवी असताना कापू नका, त्यांच्यावरच कंद पोसतो. पूर्ण वाळल्यावर कंद काढून सावलीत सुकवा आणि कागदी पिशवीत ठेवा. पावसाळ्याआधी हे उरकायलाच हवं.