पाण्यात म्हैस, बाहेर मोल

पाण्यात बसलेल्या म्हशीचे काठावरून मोल करू नये, हे आपल्या पूर्वजांनी अनुभवाने सांगून ठेवले आहे. समाजमाध्यमांवरील जाहिरात पाहून कुत्र्याचे पिल्लू विकत घेणारा ग्राहक आज नेमका हाच व्यवहार करीत असतो. फरक इतकाच, की येथे पुष्कळदा पाण्यात म्हैसच नसते.

या फसवणुकीची रीत ठरलेली आहे. लॅब्रेडॉर किंवा गोल्डन रिट्रीव्हर जातीच्या पिल्लाचे मोहक छायाचित्र, बाजारभावाहून बरीच कमी किंमत आणि 'बदली झाल्यामुळे चांगल्या घरी द्यायचे आहे' असे हृदयस्पर्शी कारण. विक्रेता दूरच्या शहरात असल्याचे सांगतो व थोडी अनामत मागतो. ती मिळताच वाहतूकदाराच्या नावाने दूरध्वनी येतो. आधी पिंजऱ्याचे शुल्क, मग लसीकरणाचा दाखला, नंतर 'परत मिळणारा' विमा. विलंब झाल्यास पिल्लू विमानतळावर उपाशी अडकल्याचे कळविले जाते. एव्हाना मुलांनी त्याचे नावही ठेवलेले असते! मग ग्राहक हिशेब करीत नाही. मुक्या जिवाच्या सुटकेसाठी तो पैसे पाठवितो. आधीची रक्कम बुडू नये म्हणून पुढची दिली जाते आणि नुकसान वाढत जाते. म्हणूनच ठरलेल्या किमतीबाहेरची पहिली मागणी येताच व्यवहार थांबविणे श्रेयस्कर.

सर्वांत सुरक्षित मार्ग एकच : प्राणी प्रत्यक्ष पाहावा, मगच पैसे द्यावेत. कुत्र्यांचे प्रजनन व विक्री यांसंबंधीच्या २०१७ च्या केंद्रीय नियमांनुसार व्यावसायिकाने राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी करणे आवश्यक आहे. तसेच आठ आठवड्यांहून लहान पिल्लू विकता येत नाही. नोंदणी क्रमांक मागताच टाळाटाळ झाली, तर अर्थ स्पष्ट आहे.

रक्कम पाठविण्यापूर्वी पडद्यावर दिसणारे खातेदाराचे नाव अवश्य वाचावे. यूपीआयमध्ये ते दिसतेच. एनईएफटी व आरटीजीएससाठीही १ एप्रिल २०२५ पर्यंत ही सोय देण्याचे निर्देश रिझर्व्ह बँकेने बँकांना दिले होते. विक्रेत्याचे नाव एक आणि खातेदाराचे दुसरेच असेल, तर तेथेच थांबावे. 'अनामत परत करतो, पिन टाका' असे कोणी सांगितल्यास ध्यानात ठेवावे, की यूपीआय पिन पैसे देण्यासाठी असतो, घेण्यासाठी नव्हे.

येथे एक गैरसमज दूर करणे अगत्याचे आहे. ग्राहकाचे दायित्व मर्यादित करणारे रिझर्व्ह बँकेचे जुलै २०१७ चे परिपत्रक अनधिकृत व्यवहारांसाठी होते. स्वतः पिन टाकून पाठविलेली रक्कम त्या व्याख्येत सहजी बसत नाही. त्यामुळे अशा प्रसंगी वेळ हाच खरा आधार. १९३० या राष्ट्रीय मदतवाहिनीवर तत्काळ तक्रार नोंदवावी, आपल्या शाखेस कळवावे आणि संदेश, पावत्या व दूरध्वनी क्रमांक जपून ठेवावेत. रक्कम पुढच्या खात्यात वळण्यापूर्वी गोठविली गेली, तरच ती परत मिळण्याची आशा राहते.

संकोचापायी अनेक ग्राहक दोन-दोन दिवस गप्प राहतात. आमच्या शाखांतील सहकाऱ्यांनीही अशा ग्राहकाला दोष न देता प्रथम तक्रार नोंदविण्यास साहाय्य करावे. प्राण्यांविषयीची माया हा काही अपराध नव्हे. मात्र त्या मायेची किंमत कोणी काठावरून ठरवू लागला, तर म्हैस पाण्याबाहेर येईपर्यंत आपली पिशवी बंद ठेवावी, हेच खरे.