ठेवायचं की काढायचं

पहाटे 5.45
चिंचवडच्या स्टॉपवर कंपनीची बस येते. हिंजवडीपर्यंत निम्मी बस झोपलेली असते. मी खिडकीबाहेर बघत राहते, कारण पुढचे नऊ तास डोळ्यांसमोर काय येईल याचा नेम नसतो. लोकांनी टाकलेल्या मराठी आणि हिंदी पोस्ट, व्हिडिओ तपासणं हे माझं काम. कुणी तक्रार केली किंवा यंत्राने फ्लॅग केलं की ती गोष्ट माझ्या क्यूमध्ये येते. ठेवायची, काढायची की वरिष्ठांकडे पाठवायची, ते मी ठरवायचं.

सकाळी 7.00
मोबाइल, पेन, कागद सगळं लॉकरमध्ये. पडद्यावर लोकांची खासगी माहिती असते, ती बाहेर जाता कामा नये.

पहिलाच व्हिडिओ गावच्या जत्रेतला. एक म्हातारे शाहीर डफावर थाप मारून अफजलखान वधाचा पोवाडा गातायत, मागे एक पोरगा तुणतुणं धरून उभा. ‘कोथळा’ हा शब्द आला आणि यंत्राने हिंसेचा फ्लॅग लावला. 1659 सालच्या प्रसंगावरचं हे गाणं आजच्या कुणाला धमकी आहे का, हे यंत्राला कळत नाही. पण शाहिरांचा व्हिडिओ ठेवला म्हणजे संपलं नाही. त्याखाली एकाने आजच्या एका वस्तीचं नाव घेऊन ‘यांचंही तसंच करा’ असं लिहिलं होतं. ते काढलं. शब्द जवळपास तेच, पण गाण्यात इतिहास होता आणि खाली जिवंत माणसांवर रोख होता.

सकाळी 8.30
गेम खेळतानाचे व्हिडिओ. दहावी-बारावीतला वाटावा असा आवाज ओरडतो, ‘थांब, घरात घुसून मारतो तुला!’ यंत्राला ती धमकी वाटते. पडद्यावर बीजीएमआय चालू आहे, घर खेळातलं आहे, आणि ज्याला मारायचं तो हेडफोन लावून हसतोय. मी ठेवते.

या खेळाची कहाणी आमच्या कामाला फार जवळची आहे. 2 सप्टेंबर 2020 ला केंद्राने 118 ॲपवर बंदी घातली, त्यात पबजी मोबाइल होता. 2021 मध्ये तो भारतासाठी बीजीएमआय या नव्या नावाने आला, लाल रक्ताऐवजी हिरवं रक्त घेऊन. जुलै 2022 मध्ये तोही ॲप स्टोअरमधून गेला आणि मे 2023 मध्ये परतला. खेळणाऱ्या पोरांना बंदीचा आदेश काही वाचायला मिळाला नाही.

सकाळी 10.15
एका मुलीची तक्रार. तिच्या जुन्या मित्राने तिचा खासगी फोटो टाकला आहे. 2021 च्या माहिती तंत्रज्ञान नियमांनी अशा तक्रारीसाठी सुरुवातीला 24 तासांची मुदत ठरवली होती. मला एक मिनिटही लागत नाही. इथे अभिव्यक्तीचा प्रश्नच येत नाही. तो फोटो जगाला दाखवायचा हक्क त्याला कधीच नव्हता. फोटोचा डिजिटल ठसा यंत्रात जातो, म्हणजे तोच फोटो पुन्हा टाकला तर अडतो. मग मी उठते, पाणी पिते, पाच मिनिटं जिन्यात उभी राहते.

सकाळी 11.30
टीमची बैठक. एका विद्यार्थ्याने दलित कवी नामदेव ढसाळांच्या ‘गोलपिठा’तली कविता वाचली, ती शिवीगाळ म्हणून काढली गेली होती. 1972 चा हा संग्रह मराठी कवितेने डोक्यावर घेतला, तो त्या भाषेसकट. टीम लीडर म्हणतात, शब्दांची यादी बघा. मी म्हणते, शब्द कोण, कुणाला, कशासाठी म्हणतोय ते बघा. जातीवरून हिणवणारा आणि हिणवलेलं सांगणारा एकाच कात्रीत सापडला, तर ती कात्री हिणवणाऱ्याच्या कामी आली. अर्ध्या तासाने कविता परत लागते.

दुपारी 1.00
डबा खाताना नवी मुलगी विचारते, ‘ताई, लोकांना न आवडणारं सगळंच काढलं तर काय बिघडेल?’ मी तिला पालघर सांगते. नोव्हेंबर 2012 मध्ये बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतरच्या बंदबद्दल एका मुलीने फेसबुकवर लिहिलं, दुसरीने लाइक केलं. दोघींना अटक झाली, माहिती तंत्रज्ञान कायद्याचं 66अ कलम लावलं गेलं. ते कलम सर्वोच्च न्यायालयाने 24 मार्च 2015 ला रद्द केलं, कारण कुणाला राग येणं हा गुन्ह्याचा आधार होऊ शकत नाही. ती भाकरीचा तुकडा हातात धरून ऐकत राहते.

दुपारी 2.30
अपील. एका डॉक्टरबाईंचा मराठी व्हिडिओ, स्तनांची तपासणी घरी कशी करावी याचा. आम्ही अश्लील म्हणून काढला होता. त्यांनी शांतपणे तीन ओळींत लिहिलं होतं, हे वैद्यकीय आहे. मी परत लावते. तीन दिवस तो दिसत नव्हता, ते दिवस मात्र भरून निघत नाहीत.

हे अपील शक्य झालं, कारण बाईंना कारण कळवलं होतं. 2021 च्या नियमांनुसार मोठ्या कंपनीने स्वतःहून काही काढलं तर कारण सांगायचं आणि म्हणणं ऐकायचं, असं बंधन आहे. त्याच कायद्याच्या 69अ कलमाखाली सरकार मजकूर रोखण्याचे जे आदेश देतं, त्यांना मात्र 2009 च्या नियमांनी गोपनीयतेचं कुलूप लावलं आहे. आमच्यापर्यंत ते येतही नाहीत. पोस्ट गेलेली दिसते, बस. देशाच्या सुरक्षेसाठी काही वेळा बंदी लागेलही, ते मी मान्य करते. पण ज्याचं तोंड बंद केलं त्याला कारणच कळलं नाही, तर तो न्यायालयात भांडणार कशावर?

दुपारी 4.00
लॉकरमधून मोबाइल घेते. बसमध्ये बसल्यावर एवढंच सांगावंसं वाटतं. एखादं मत पटलं नाही म्हणून तक्रारीचं बटण दाबू नका. माणसाला इजा होत असेल तर दाबायला एक क्षण थांबू नका. आणि तुमचं काही काढलं गेलं तर गप्प बसू नका. कारण मागा, अपील करा. पलीकडे कुणीतरी ते वाचतं.