कापूस तंतूचे यांत्रिक वर्तन

ताण, पीळ व वाक यांना कापसाचा तंतू देत असलेल्या प्रतिसादास त्याचे यांत्रिक वर्तन म्हणतात. रेणू, तंतू व सूत या स्तरांवर ते निरनिराळ्या कारणांनी ठरते. त्यामुळे एका स्तरावरील बळकटी पुढच्या स्तरावर तशीच उतरत नाही. प्रत्येक स्तराचे गणिती प्रतिरूप मांडून ती प्रतिरूपे परस्परांशी जोडावी लागतात.

कापसाचा तंतू म्हणजे सरकीच्या बाह्यत्वचेतील एकाच कोशिकेची वाढ होय. त्याचा बहुतेक भाग सेल्युलोजाचा असतो. स्फटिकी सेल्युलोजाचा रेणुशृंखलेच्या दिशेतील यंग गुणांक, म्हणजे एकक क्षेत्रफळावरील ताण व सापेक्ष लांबीवाढ यांचे गुणोत्तर, सु. १३८ गिगापास्काल असतो. सबंध तंतूचा मात्र सर्वसाधारणपणे ५ ते १२ गिगापास्कालच भरतो. कारण भित्तीतील सूक्ष्मतंतुक अक्षाशी सु. २० ते ३० अंशांचा कोन करून सर्पिलाकार मांडलेले असतात व या सर्पिलाची दिशा जागोजाग उलटते. अस्फटिकी भागही ताण कमी पेलतो.

सुतात तंतू परस्परांतील घर्षणाने धरून राहतात. पीळ वाढविल्यास घर्षण वाढते व तंतू सरकत नाहीत. परंतु ते अक्षापासून कलत गेल्याने त्यांच्या बलाचा उपयुक्त अंश घटतो. म्हणून सुताचे बल विशिष्ट पिळापर्यंत वाढते व नंतर उतरते. शिवाय सूत सर्वांत दुबळ्या जागी तुटते. नमुना जितका लांब, तितका अशी जागा असण्याचा संभव अधिक. हा विचार एफ. टी. पीअर्स यांनी १९२६ मध्ये सांख्यिकीय स्वरूपात मांडला.

वऱ्हाडातील कापसाच्या व्यापारात या गोष्टीला मोठे महत्त्व आहे. अकोला जिल्ह्यातील मूर्तिजापूर येथून यवतमाळ व अचलपूरकडे अरुंदमापी लोहमार्ग निघाले, ते प्रामुख्याने कापसासाठी. येथील जुन्या देशी वाणांचे तंतू आखूड व जाड असत. आखूड तंतू एकमेकांशी थोड्याच लांबीत भिडतात; त्यांना अधिक पीळ द्यावा लागतो व त्यांपासून बारीक सूत काढणे कठीण जाते. कोरडवाहू जमिनीत तग धरणारे हे वाण मागे पडण्याचे ते एक कारण होय. तंतूंच्या अशा गुणधर्मांच्या मापनासाठी १९२४ मध्ये मुंबईत माटुंगा येथे प्रयोगशाळा स्थापन झाली. आजची केंद्रीय कापूस तंत्रज्ञान संशोधन संस्था ती हीच.

कार्बनाच्या अतिसूक्ष्म नलिकांबाबतही सुताचाच प्रश्न उभा राहतो. एकेका नलिकेचा यंग गुणांक सु. १,००० गिगापास्काल असला, तरी शेजारच्या नलिका दुर्बल आंतररेणवीय प्रेरणांनीच जोडलेल्या असल्याने ताणाखाली सरकतात. म्हणून केवळ अणूंच्या गणनेवरून त्यांच्या दोरीचे बल वर्तविता येत नाही.