अप्रेंटिसशिप : वर्ष वाया जाऊ नये म्हणून

‘अप्रेंटिस म्हणजे कमी पगाराचा कामगार’ असं आयटीआयची मुलं सर्रास म्हणतात. १९६१च्या शिकाऊ उमेदवार कायद्यात मात्र स्पष्ट लिहिलंय, की अप्रेंटिस हा प्रशिक्षणार्थी आहे, कामगार नाही.

याचे दोन अर्थ होतात. एक, हातात पडतं ते विद्यावेतन, पगार नव्हे. आणि मुदत संपल्यावर तिथेच नोकरी मिळेल याची हमी नाही. दुसरा, तुम्हाला शिकवणं ही कंपनीची जबाबदारी ठरते. प्रशिक्षणाच्या कामात अपघात झाला, तर भरपाईचीही तरतूद आहे.

म्हणून रुजू होतानाच विचारायचं, “साहेब, माझा करार पोर्टलवर नोंदला का?” करार नोंदलेला नसेल, तर वर्षभर राबूनही कागदावर तुम्ही अप्रेंटिस नसता. मग फिटर, टर्नरसारख्या ट्रेडची शेवटची परीक्षा आणि राष्ट्रीय प्रमाणपत्र, दोन्ही हुकतं.

आता शॉपमधलं. सुरुवातीला मशीन कोणी लगेच हातात देत नाही. तेव्हा रुसून बसू नका. जुन्या ऑपरेटरशेजारी उभे राहा, ड्रॉइंग वाचा, तयार जॉब मोजायला मागा. व्हर्नियर, मायक्रोमीटर हातात बसला की माणूस विश्वास टाकतो. रोज काय केलं ते डायरीत लिहून सुपरवायझरची सही घ्या.

पुढच्या मुलाखतीत “तिथे एक वर्ष होतो” म्हणून भागत नाही. “हा जॉब मी लेथवर असा लावला” हे सांगता आलं पाहिजे. उमेदवारीची खरी कमाई ती.