दाराशी बसणारं माणूस
छोटं ऑफिस, मोठं शहर : लेखांक ७

मागच्या लेखात जागेचं भाडं आणि डिपॉझिट यांचा विचार केला. जागा मिळाली, टेबल-खुर्च्या आल्या, पाटी लागली की लगेच प्रश्न येतो तो दाराशी कोण बसणार याचा. नेहरू प्लेसमधला आर्किटेक्ट, लक्ष्मीनगरमधला सीए, जनकपुरीतला दातांचा दवाखाना, नोएडाच्या सेक्टर ६३ मधली आठ माणसांची सॉफ्टवेअर कंपनी... दिल्लीत छोटं ऑफिस चालवणाऱ्या मराठी मंडळींकडून मी एक तक्रार सतत ऐकत आलो आहे. रिसेप्शनला चांगलं माणूस मिळत नाही, आणि मिळालं तर टिकत नाही.

अर्जांचा तुटवडा मात्र कुणालाच नसतो. नोकरी डॉट कॉम तर नोएडातूनच चालते, शिवाय आता हातातल्या फोनवर अपना, वर्कइंडिया अशी ॲप आली आहेत. ‘फ्रंट ऑफिस, फ्रेशर चलेगा’ एवढी एक ओळ सकाळी टाकली की संध्याकाळपर्यंत अर्जांचा ढीग होतो. त्यातल्या काहींना बोलावलं, तर त्यातले बरेच जण येतच नाहीत. मालक चिडतात, ‘आजकालच्या पोरांना गरज नाही’ म्हणतात. पण उत्तमनगरमध्ये राहणाऱ्या वीस वर्षांच्या मुलीच्या बाजूने हा फोन ऐकून पाहा. अनोळखी नंबरवरून कुणी पुरुष सांगतो, उद्या अकरा वाजता सेक्टर ६३ ला या. रिसेप्शनिस्ट आणि टेलिकॉलर या नोकऱ्यांच्या नावाने ‘रजिस्ट्रेशन फी’, ‘युनिफॉर्म चार्ज’ उकळणाऱ्या टोळ्या एनसीआरमध्ये वर्षानुवर्षं पकडल्या जात आहेत. तिच्या ओळखीत कुणी ना कुणी फसलेलं असतंच. तिने घरी विचारलं आणि घरच्यांनी नको म्हटलं, तर त्यात तिचं काय चुकलं? म्हणून बोलावताना ऑफिसचा पूर्ण पत्ता, नकाशावरचं ठिकाण, मुलाखत घेणाऱ्याचं नाव, पगाराचा आकडा आणि ‘कसलीही फी नाही’ हे लेखी पाठवावं. बरोबर भाऊ किंवा आई आली तर चालेल, हेही लिहावं. एवढ्याने येणाऱ्यांची संख्या वाढते, हे मी पाहिलं आहे.

पण ही बाहेरची अडचण झाली. मूळ अडचण ऑफिसच्या आतली आहे. आपण एक जागा भरतो आणि प्रत्यक्षात दुसरंच काम करून घेतो. जाहिरातीत मागतो ते हसतमुख चेहरा, बरं इंग्रजी, नीटनेटके कपडे. प्रत्यक्षात लागते ती पारख, आणि ती मुलाखतीत कुणी तपासत नाही.

छोट्या ऑफिसातली सकाळी अकराची वेळ घ्या. फोन वाजतोय, कूरियरवाला सहीसाठी उभा आहे, पाण्याच्या कॅनचे पैसे द्यायचे आहेत. एक पार्टी ‘पेमेंट कब होगा’ म्हणत सोफ्यावर बसली आहे आणि व्हॉट्सॲपवर नव्या ग्राहकाने दर विचारला आहे. मोठ्या कंपनीत या कामांना वेगवेगळी माणसं असतात. दाराशी गार्ड, आत ॲडमिन, वर एचआर. इथे सगळं एकाच टेबलावर येतं. कोणता फोन ‘सर’ना मीटिंगमधून उठवून द्यायचा, कोणता उद्यावर ढकलायचा, चिडलेल्या पार्टीला खोटं आश्वासन न देता कसं बसवून ठेवायचं, हे ठरवायला रिसेप्शनिस्टकडे काही सेकंद असतात.

महानगर टेलिफोन निगम १९८६ साली दिल्ली-मुंबईसाठी स्थापन झालं, तेव्हाच्या ऑफिसात रिसेप्शनिस्ट म्हणजे मुख्यतः बोर्डावरून लाइन जोडून देणारी व्यक्ती. मोबाइल आले तेव्हा अनेकांना वाटलं की आता ही जागाच राहणार नाही. झालं उलटं. लँडलाइनची घंटी कमी झाली, पण ऑफिसचा व्हॉट्सॲप नंबर, जस्ट डायलवरून येणाऱ्या चौकशा, गूगलवरचे अभिप्राय, ऑनलाइन अपॉइंटमेंट हे सगळं त्याच खुर्चीकडे आलं. फसवणूकही आधी तिथेच पोहोचते. मालकाचा फोटो लावलेल्या अनोळखी नंबरवरून ‘मीटिंगमध्ये आहे, लगेच पैसे पाठव’ असा निरोप येतो, किंवा कुणी ‘इन्कम टॅक्स से बोल रहा हूँ’ म्हणून धमकावतो. त्या क्षणी घाबरून न जाता ‘आपका नाम और नंबर दीजिए, मैं पूछकर बताती हूँ’ म्हणणारी मुलगी ऑफिसचं किती नुकसान वाचवते, याचा हिशेब कुठल्याच वहीत लिहिला जात नाही. दवाखान्यात तर रुग्णांची नावं, नंबर, आजार सगळं तिच्यासमोर असतं. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा २०२३ साली झाला. तो ऑफिसात पाळायचा म्हणजे मुख्यतः तिनेच पाळायचा.

आता पगाराकडे येऊ, कारण एनसीआरमध्ये हा प्रश्न देशातल्या दुसऱ्या शहरांपेक्षा वेगळा आहे. दिल्ली सरकारने १ एप्रिल २०२५ पासून लागू केलेल्या किमान वेतनात दहावी झालेल्या, पण पदवी नसलेल्या कारकुनी कर्मचाऱ्याला महिना २२,४११ रुपये आणि पदवीधराला २४,३५६ रुपये होते. अकुशल कामगारालाही १८,४५६. यमुना ओलांडून नोएडात गेलं की उत्तर प्रदेशचा दर लागतो, गुरुग्रामच्या सायबर सिटीकडे गेलं की हरियाणाचा. दोन्हीकडे तेव्हा अकुशल कामगाराचा आकडा अकरा हजारांच्या आसपास होता. मेट्रोची ब्लू लाइन द्वारकेहून निघून नोएडा इलेक्ट्रॉनिक सिटीला पोहोचते, यलो लाइन गुरुग्रामला जाते. म्हणजे एका तिकिटाच्या अंतरावर तीन राज्यांचे तीन दर. दिल्लीतले अनेक छोटे मालक नोएडाच्या दराशी तुलना करून बारा-पंधरा हजारांत रिसेप्शनिस्ट शोधतात. दिल्लीच्या हद्दीत हा पगार सरळ सरळ बेकायदेशीर आहे, हे इथे स्पष्ट लिहायला हवं. पण कायदा बाजूला ठेवून नुसता व्यवहार पाहिला तरी तो परवडत नाही. ऑगस्ट २०२५ च्या दरवाढीनंतर मेट्रोने बारा ते एकवीस किलोमीटर जायला ४३ रुपये पडतात. येण्याजाण्याचे महिन्याचे, स्मार्ट कार्डाची सवलत धरूनही, दोन हजारांच्या घरात. स्टेशनपासून ई-रिक्षा वेगळी. दिल्लीच्या बसमधून स्त्रियांचा मोफत प्रवास ऑक्टोबर २०१९ मध्ये सुरू झाला, पण मेट्रोला तो लागू नाही, आणि वेळेवर पोहोचायचं तर मेट्रोच लागते. बारा हजारांतून एवढं गेल्यावर घराजवळच्या दुकानाने हजार रुपये कमी दिले तरी तिला ते परवडतं. मग ती जाते, आणि मालक म्हणतात टिकत नाही.

कायद्यात एक विचित्र फटही आहे. राज्य कर्मचारी विम्याची म्हणजे ईएसआयची वेतनमर्यादा २०१७ पासून २१,००० रुपयांवर आहे. म्हणजे दिल्लीत किमान वेतनावर नव्याने लागलेली दहावी पास रिसेप्शनिस्ट त्या मर्यादेच्या वर जाते आणि विम्याच्या बाहेर राहते. दहापेक्षा कमी माणसांच्या ऑफिसला तर ती योजना लागूच होत नाही. अशा वेळी ऑफिसने तिच्या आरोग्य विम्याचा हप्ता भरला, तर पगारात दोन हजार वाढवण्यापेक्षा त्याचा परिणाम जास्त काळ टिकतो. घरच्यांनाही ही नोकरी ‘खरी’ वाटते.

घरच्यांचा उल्लेख मी मुद्दाम करतो आहे. दिल्लीत बाहेर काम करणाऱ्या स्त्रियांचं प्रमाण देशाच्या सरासरीहून कमी आहे, आणि रिसेप्शनच्या नोकरीकडे अजून संशयाने पाहिलं जातं. सप्टेंबर २०२२ मध्ये ऋषिकेशजवळच्या एका रिसॉर्टमधल्या १९ वर्षांच्या गढवाली रिसेप्शनिस्टचा खून झाला. मे २०२५ मध्ये कोटद्वारच्या न्यायालयाने तिघांना जन्मठेप दिली. दिल्लीत गढवालमधून आलेली असंख्य कुटुंबं राहतात. त्या घरांत मुलगी ‘रिसेप्शनला लागते’ म्हटल्यावर आईबापांच्या मनात काय येत असेल? तेव्हा ऑफिसात दुसरी स्त्री आहे का, सुट्टी किती वाजता होते, हिवाळ्यात अंधार पडायच्या आत मेट्रो गाठता येते का, मजल्यावरचं स्वच्छतागृह स्त्रियांसाठी वेगळं आहे का आणि त्याची किल्ली कुणाकडे असते, हे प्रश्न तिने विचारायच्या आत आपण उत्तरं द्यावीत. जुन्या इमारतींत स्वच्छतागृहाचा प्रश्न इतका गंभीर असतो की मुली दिवसभर पाणी पीत नाहीत आणि तीन महिन्यांत नोकरी सोडतात. कारण विचारलं तर ‘घर पर प्रॉब्लम है’ एवढंच सांगतात.

कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धचा २०१३ चा कायदा ऑफिसातल्या माणसांपुरता नाही. बाहेरून येणाऱ्यांपासून कर्मचाऱ्याला सुरक्षित ठेवणं हीसुद्धा मालकाची जबाबदारी आहे. दहापेक्षा कमी माणसं असतील तर अंतर्गत समिती लागत नाही, पण तक्रार जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे करता येते. त्या समितीचा पत्ता भिंतीवर लावलेलं छोटं ऑफिस मला क्वचितच दिसलं. एखादा मोठा ग्राहक तिच्याशी सलगीने बोलला, तर मालक कुणाची बाजू घेणार? हे तिला पहिल्या आठवड्यातच कळतं, आणि राहायचं की नाही हे ती तेव्हाच ठरवते.

आता त्या जाहिरातींबद्दल. ‘ओन्ली फीमेल, १८ ते २५, अनमॅरिड, गुड लुकिंग’. भरतीत स्त्री-पुरुष भेद करायला १९७६ च्या समान वेतन कायद्यानेच बंदी घातली होती, आणि २०१९ च्या वेतन संहितेतही ती आहे. दिल्लीच्या संदर्भात एक निकाल आठवण्यासारखा आहे. १९१४ च्या पंजाब अबकारी कायद्यातलं एक कलम दिल्लीला लागू होतं. जिथे दारू प्यायली जाते अशा जागी स्त्रियांना नोकरी देण्यावर त्याने बंदी घातली होती. अनुज गर्ग विरुद्ध हॉटेल असोसिएशन ऑफ इंडिया या खटल्यात डिसेंबर २००७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही बंदी अमान्य केली. संरक्षणाच्या नावाखाली स्त्रीला कामापासून दूर ठेवू नका, काम सुरक्षित करा, असा त्या निकालाचा रोख होता. दिसण्याचा सोस आपल्याकडेच आहे असंही नाही. लंडनमध्ये २०१५ साली उंच टाचांचे बूट घालायला नकार दिला म्हणून एका रिसेप्शनिस्टला पहिल्याच दिवशी बिनपगारी घरी पाठवलं होतं. तिच्या याचिकेवर दीड लाखाच्या वर सह्या झाल्या आणि २०१७ मध्ये ब्रिटिश संसदेत त्यावर चर्चा झाली.

जाहिरातीतली वयाची आणि लग्नाची अट काढली की कोण कोण समोर येतं ते पाहा. मुलं शाळेत जायला लागल्यावर पुन्हा काम शोधणारी पस्तीस-चाळीस वर्षांची बाई. तिने सासर, शाळा, सोसायटी, गॅस एजन्सी यांच्याशी वर्षानुवर्षं बोलणी केलेली असतात. चिडलेल्या माणसाला शांत करणं तिला कुठल्याही कोर्सने शिकवावं लागत नाही. माझ्या पाहण्यात छोट्या ऑफिसांत सगळ्यात जास्त टिकलेली माणसं याच गटातली आहेत. दुसरा गट दृष्टिहीनांचा. भारतातल्या बँकांत आणि सरकारी कार्यालयांत टेलिफोन ऑपरेटर म्हणून दृष्टिहीन माणसांनी पिढ्यानपिढ्या उत्तम काम केलं आहे. दिल्लीतच लाल बहादूर शास्त्री मार्गावर १९४४ सालापासूनची ब्लाइंड रिलीफ असोसिएशन आहे, जी दृष्टिहीनांना प्रशिक्षण देते. फोनवरचं काम जास्त असेल त्या ऑफिसने अशा संस्थांकडे चौकशी का करू नये? स्क्रीनवरचा मजकूर वाचून दाखवणारी सॉफ्टवेअर आता सहज मिळतात. आणि पुरुष रिसेप्शनिस्ट का नको, याचं पटणारं उत्तर मला अजून कुणी दिलेलं नाही.

मुलाखतीत ‘टेल मी अबाउट युवरसेल्फ’ विचारून काही कळत नाही. ती उत्तरं पाठ असतात. त्याऐवजी फोन हातात द्यावा आणि शेजारच्या खोलीतून ऑफिसातल्याच कुणीतरी तीन प्रकारचे फोन करावेत. एक घाईतला ग्राहक, एक पैसे मागणारा पुरवठादार, एक स्वतःचं नाव न सांगता ‘सर से बात कराइए’ म्हणणारा. इंग्रजीचे उच्चार सोडून द्यावेत. निरोप लिहिताना नंबर परत वाचून खात्री केली का, माहिती नसताना काहीतरी ठोकून दिलं का, आवाज चढवणाऱ्याशी ‘जी’ सुटलं का, एवढं पाहावं. गुरुग्राममध्ये आजूबाजूच्या गावांतून आलेल्या मुलींची हरियाणवी बोली बाहेरच्याला रोखठोक वाटते, आणि तेवढ्यावरून नाकारल्या गेलेल्या हुशार मुली मी पाहिल्या आहेत. बोलण्याची ढब महिन्याभरात बदलते. खोटं आश्वासन देण्याची सवय वर्षभरातही जात नाही.

निवड चांगली झाली तरी पुढे एक चूक होते, आणि माझ्या मते चांगली माणसं गमावण्याचं सगळ्यात मोठं कारण तेच आहे. तिला पारख असते म्हणून घेतो, आणि मग प्रत्येक लहान गोष्टीसाठी विचारायला लावतो. पाचशे रुपयांपर्यंतचा किरकोळ खर्च ती न विचारता करू शकते, अपॉइंटमेंट तीच देते आणि मालकही ती परस्पर बदलत नाही, उद्धट माणसाचा फोन तिने ठेवला तर तिला पाठिंबा मिळतो, हे लेखी ठरवून द्यावं. पुढची पायरीही दाखवावी. वर्षभराने टॅली शिकवू, दोन वर्षांनी ऑफिस कोऑर्डिनेटर करू, असा रस्ता समोर असेल तर हजार-दोन हजारांसाठी कुणी सहज सोडून जात नाही.

आणखी एक ठरवायचं राहतं, ते म्हणजे तिच्या गैरहजेरीत कोण. नोव्हेंबर २०२४ मध्ये प्रदूषण वाढलं तेव्हा दिल्ली सरकारने आपल्या निम्म्या कर्मचाऱ्यांना घरून काम करायला सांगितलं. पावसात गुरुग्राम तुंबलं की खासगी ऑफिसंही घरून चालतात. रिसेप्शनचं काम मात्र घरी नेता येत नाही असं आपण गृहीत धरतो. कॉल फॉरवर्ड करून, व्हॉट्सॲप बिझनेस तिच्या लॅपटॉपवर देऊन त्यातलं बरंचसं नेता येतं, फक्त व्यवस्था आधी लावलेली हवी. रोजच्या जेवणाच्या अर्ध्या तासाचंही तसंच. त्या वेळी दाराशी कोण बसणार याचं नाव ठरलेलं असावं, आणि आठवड्यातून एकदा ते नाव मालकाचं असावं. सोफ्यावर थांबलेली माणसं काय काय बोलतात, हे त्याला तेव्हा कळेल.

(पुढच्या आठवड्यात : हिशेब लिहिणारा ऑफिसात ठेवावा की काम बाहेर द्यावं?)