हवाई अंतर व प्रवासकाल
हवाई अंतर व प्रवासकाल : दोन विमानतळांमधील भूपृष्ठावरून मोजलेल्या लघुतम अंतरास हवाई अंतर म्हणतात. पृथ्वी गोलाकार असल्याने हे अंतर बृहद्‌वृत्ताच्या, म्हणजे भूकेंद्रातून जाणाऱ्या प्रतलाने भूपृष्ठावर आखलेल्या वर्तुळाच्या, कंसावर मोजतात. हवाई वाहतुकीत त्यासाठी सागरी मैल (१.८५२ किमी.) हे एकक रूढ आहे.

अंतर : विमानतळांच्या अक्षांश-रेखांशांवरून गोलीय त्रिकोणमितीच्या साहाय्याने अंतर काढतात. थोड्या अंतरासाठी सोपी रीत पुरते. महाराष्ट्रात एक अक्षांश सु. १११ किमी. व एक रेखांश सु. १०५ किमी. भरतो. मुंबई (१९° ०५′ उ., ७२° ५२′ पू.) आणि छत्रपती संभाजीनगर—पूर्वीचे औरंगाबाद—(१९° ५२′ उ., ७५° २४′ पू.) या विमानतळांत दक्षिणोत्तर सु. ८७ किमी. व पूर्वपश्चिम सु. २६६ किमी. फरक पडतो, पायथागोरसच्या प्रमेयानुसार हवाई अंतर सु. २८० किमी. येते.

प्रवासकाल : ताशी ८०० किमी. वेगाने हे अंतर २१ मिनिटांत संपावयास हवे. वेळापत्रकात मात्र सु. एक तास दिलेला असतो. विमान थांब्यावरून हलल्यापासून पुन्हा थांब्यावर उभे राहीपर्यंतचा काल त्यात धरतात. धावपट्टीपर्यंतची वाटचाल, आरोहण, अवरोहण आणि उतरण्यासाठी वाट पाहणे यांचा वेळ अंतर कमी असले, तरी फारसा घटत नाही. म्हणून पल्ला जितका लहान, तितका सरासरी वेग कमी. वाऱ्याचाही परिणाम होतो : हिवाळ्यात उत्तर भारतावरून उंचावर वाहणाऱ्या पश्चिमी झोतवाऱ्यामुळे दिल्लीहून कोलकात्यास जाण्यास परतीपेक्षा कमी वेळ लागतो.

अंबाजोगाईचे उदाहरण : बीड जिल्ह्यातील अंबाजोगाई येथे विमानतळ नाही. तेथून सरळ रेषेत लातूरचा विमानतळ सु. ३७ किमी., नांदेडचा सु. ११० किमी. व छत्रपती संभाजीनगरचा सु. १६० किमी. अंतरावर आहे. तथापि जवळच्या विमानतळावरून इष्ट ठिकाणी सोयीची सेवा नसल्यास त्या सान्निध्याचा उपयोग होत नाही. छत्रपती संभाजीनगरमार्गे दिल्लीस जाणाऱ्या प्रवाशाचे हवाई अंतर सु. ९८० किमी. असून त्यास सु. दोन तास लागतात. परंतु त्याआधीच्या सु. २०० किमी. रस्त्यास चार तासांच्या आसपास वेळ लागतो. विमानतळावर आगाऊ पोहोचण्याचा वेळ वेगळाच. म्हणजे हवाई अंतराच्या जेमतेम पाचव्या हिश्शाएवढी वाट दुप्पट वेळ घेते. यास्तव मोठ्या विमानतळांपासून दूर असलेल्या गावांच्या बाबतीत एकूण प्रवासकाल विमानाच्या वेगापेक्षा रस्त्याची स्थिती व जवळच्या विमानतळावरील सेवांची नियमितता यांवर अधिक अवलंबून असतो. तो कमी करावयाचा, तर सुधारणा प्रथम जमिनीवर व्हावी लागते.